विराम मोकळे

१

काचेच्या त्या खोलीत शिरलं की नोएमी कारारा आधी पायातले बूट काढून टेबलाखाली सरकवायची. पाण्याची बाटली उजव्या हाताला, ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची डबी डाव्या हाताला. हेडफोन डाव्या कानावर घट्ट आणि उजव्या कानावरून जरासा मागे सरकवलेला. डाव्या कानात डॉक्टरांचं इटालियन, उजव्या कानात तिचं स्वतःचं इंग्रजी. आपण काय बोलतोय हे ऐकू आलं नाही तर दुभाषी वाहवत जातो, असं ती नव्यांना शिकवायची.

हृदय हा तिचा प्रांत. मिलानपासून व्हेरोनापर्यंत कुठेही हृदयरोगतज्ज्ञांची परिषद भरली, की आयोजक पहिला फोन तिला करायचे. ती घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं झडपांबद्दल आणि रक्तवाहिन्यांबद्दल बोलायची. या वेळची परिषद इझेओच्या तळ्याकाठी होती, जुन्या रेशीमगिरणीच्या सभागृहात. नोव्हेंबरचं धुकं उंच खिडक्यांना चिकटून बसलं होतं. तळं आहे म्हणायचं, एवढंच. दिसत काही नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर उबाल्दो. या कामात एकट्यानं कुणी बसत नाही. एक अर्धा तास बोलतो, दुसरा अडलेला शब्द कागदावर लिहून पुढे सरकवतो, मग अदलाबदल. प्रत्येकापुढे एकेक माईक. ज्याचा चालू त्याच्या माईकभोवती लाल कडं पेटतं. दोन्ही एकदम पेटत नाहीत. एक लागला की दुसरा आपोआप बंद होतो.

"मासा आहे म्हणे जेवायला," उबाल्दो शब्दकोडं उघडत म्हणाला. "भाजलेला, मक्याच्या पोलेंताबरोबर. डॉक्टर लोक सकाळभर लोण्याच्या नावानं बोटं मोडणार आणि दुपारी तोच मासा लोण्यात पोहताना बघून मिटक्या मारणार."

"तू मारू नकोस म्हणजे झालं. गेल्या खेपेला जेवून आलास आणि 'महाधमनी' म्हणताना जांभई दिलीस."

"ती जांभई नव्हती बाईसाहेब, तो भावनेचा उमाळा होता."

नोएमी हसली. पण हसता हसता तिनं मनातल्या मनात उजळणी सुरू केली, आणि ती उजळणी उबाल्दोच्या लक्षात येऊ नये म्हणून बाटलीचं झाकण उघडायचं निमित्त केलं. गेल्या वसंतापासून तिचे शब्द गळत होते. पाव आणायला गेल्यावर शेजारणीचं नाव आठवेना, तोवर ठीक होतं. मग एका सभेत 'झडप' या शब्दाचं इंग्रजी क्षणभर नाहीसं झालं. झडप! तिनं खोकून वेळ निभावली होती. तेव्हापासून ती बरीच खोकत असे. उबाल्दोला वाटायचं, थंडी बाधली. तिनं तसंच वाटू दिलं होतं.

२

मुख्य वक्ते प्रोफेसर बेल्त्रामे जुन्या वळणाचे होते. यंत्रांपेक्षा त्यांचा कानावर विश्वास. आयुष्यभर रुग्णांच्या छातीतले आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेले, तेच ते दिवसभर ऐकवणार होते. बोलणंही संथ. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, सभागृहावरून नजर फिरवायचे, मग दुसरं.

निरोगी हृदय ऐकवून झालं की ते म्हणायचे, "ठोके ठणठणीत, विराम मोकळे." इटालियन डॉक्टर छाती तपासून झाल्यावर असंच म्हणतात. दोन ठोक्यांच्या मधली जागा रिकामी आहे, तिथे कसली फुंकर नाही, एवढाच अर्थ. इंग्रजीत त्याचं 'नो मर्मर्स' होतं. मोकळेपणाही जातो आणि विरामही जातो. इतक्या वर्षांनीही नोएमीला दर वेळी ते थोडं लागायचं.

तिसऱ्या की चौथ्या रुग्णाच्या वेळी प्रोफेसर म्हणाले, "इक्तुस देल्ला पुंता," आणि थांबले.

'इक्तुस' हा फसवा शब्द. एकटा आला तर मेंदूचा झटका. हृदयाच्या टोकाचं नाव घेऊन आला तर छातीच्या भिंतीवर आतून बसणारा ठोका. शिकाऊ मुलं हमखास इथे पडतात. नोएमी वर्गात हेच उदाहरण द्यायची. आणि आत्ता तिला एवढंच कळत होतं की हा झटका नाही. जिथे तो इंग्रजी शब्द असायचा, तिथे पांढरं होतं. नुसतं पांढरं, खिडकीबाहेर होतं तसं.

"एपेक्स बीट," कुणीतरी म्हणालं.

अगदी जवळून, हळू. शब्दाच्या आधी एक बारीकसा श्वास आत घेतल्याचा आवाज.

"एपेक्स बीट," नोएमी माईकमध्ये म्हणाली.

प्रोफेसर पुढे बोलू लागले, तीही बोलू लागली. वाक्य पुरं होता होता तिनं उबाल्दोकडे पाहिलं. तो पेन्सिल दातात धरून कोड्यात बुडालेला होता. पुढे सरकवलेला कागद कोरा होता.

त्या सत्रात आणखी काही वेळा तसं झालं. 'फ्रेमितो' आला. इटालियनमध्ये शहारा, तळहाताखाली जाणवणारी हृदयाची थरथर. तिनं आपण होऊन डोकं खाजवायच्या आत कानात 'थ्रिल' आलं. मग घोड्याच्या टापांसारख्या ठोक्यांचं 'गॅलप' आलं, मग एक लांबलचक लॅटिन नाव आलं. दर वेळी आधी तो श्वास, मग शब्द. बाईचा आवाज. इंग्रजी इतकं स्वच्छ की कुठल्या गावचं ते ओळखू येऊ नये.

नोएमीनं तिसऱ्या वेळेनंतर आठवायचा प्रयत्न करणं सोडलं, हे तिला स्वतःला जाणवलं. हात पुढे करावा आणि कुणी त्यावर वस्तू ठेवावी, तसं चाललं होतं.

३

मधल्या सुटीत ती ध्वनियंत्रणेच्या टेबलापाशी गेली. तिथला लोरिस तारांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. शांत माणूस, तिच्या बऱ्याच परिषदांना तोच असायचा.

"लोरिस, माझ्या लाईनवर दुसरं कुणी येतंय का रे?"

"कोण येणार बाई? खोली एकच, वाहिन्या दोन. वक्त्याचा आवाज तुमच्याकडे, तुमचा आवाज पाहुण्यांकडे."

"एक बाई ऐकू येते. इंग्रजी बोलते."

लोरिसनं भुवया वर केल्या. "ती तुम्हीच असाल की."

"चेष्टा नको. हेडफोन बदलून दे."

त्यानं मुकाट्यानं बदलून दिला. नवीन हेडफोन हातात घेताना नोएमीला आत कुठेतरी खट्टू वाटलं, आणि ते कळल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली. आवाज गेला तर? मग पुढचं सत्र कसं निभायचं?

परत येताना वाटेत एका उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांनी तिला थांबवलं. बरोबर त्यांची बायको, हातात नवऱ्याचा ओव्हरकोट. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं: डॉ. उर्मास लेपिक, एस्टोनिया.

"तुम्हीच का त्या काचेमागच्या?" ते इंग्रजीत म्हणाले. "मी बरीच वर्षं इटालियन डॉक्टरांना दुभाष्यांकडून ऐकतोय. बहुतेक वेळा शब्दकोश ऐकल्यासारखं वाटतं. आज पहिल्यांदा वाटलं की बोलणारीला हृदय माहीत आहे. हेल्वे, मी म्हणालो ना तुला?"

"सकाळपासून हेच म्हणतायत," बायको हसून म्हणाली. "मला तर कधी एवढं नावाजलं नाही."

नोएमी आभार मानून निघाली. तिचे कान तापले होते. चोरीचा दागिना घालून लग्नात मिरवावं आणि नेमकं त्याचंच कौतुक व्हावं, तसं तिला झालं होतं. मागे वळून 'अहो, ते शब्द माझे नाहीत' असं सांगावंसं वाटलं. पण सांगायचं कुणाचे आहेत म्हणून?

४

नवीन हेडफोनमध्येही आवाज आला. जेवणानंतरच्या सत्रात तर तो शब्दांवर थांबेना. अर्धी वाक्यं, मग पुरी वाक्यं. नोएमीच्या एक गोष्ट लक्षात आली: प्रोफेसर बोलत असताना तो कधीच येत नव्हता. ते थांबले की यायचा. त्यांच्या दोन वाक्यांमधल्या जागेत बसायचा.

एकदा तिनं उजवा कान बोटानं बंद करून पाहिला. आवाज गेला. बोट काढलं, परत आला. म्हणजे तो हेडफोनमधून येतच नव्हता. ज्या उघड्या कानानं ती स्वतःला ऐकायची, त्या कानात तो येत होता.

हे कळल्यावर तिनं काय करायला हवं होतं, हे पुढे ती पुष्कळ वेळा स्वतःला विचारणार होती. उबाल्दोला खूण करायची, उठायचं, तोंडावर पाणी मारायचं. तिनं यातलं काही केलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. समोर डोकी हलत होती. पाहुणे भराभर लिहून घेत होते. ती बोलत राहिली.

तिची पाळी संपली तेव्हा उबाल्दोनं लगेच माईक घेतला नाही. प्रोफेसर पडद्यावरचं चित्र बदलेपर्यंत थोडा वेळ होता. त्यानं आपला हेडफोन गळ्यात ओढला.

"नोएमी, तू त्याच्या आधी बोलतेयस."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी. म्हातारा 'स्फियांकातो' म्हणायच्या आत तू त्याचं इंग्रजी करून मोकळी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग मी कोडं बाजूला ठेवून ऐकलं. पुरं वाक्य, नोएमी. तो पाणी पीत होता आणि तू त्याचं पुढचं वाक्य बोलून टाकलंस."

"अंदाज येतो. इतकी वर्षं काय गवत उपटतेय का मी?"

"कुशी खपाटीला गेलेल्या घोड्यासारखं हृदय, असं तो म्हणणार याचा अंदाज येतो तुला?"

"जुन्या डॉक्टरांचा शब्द आहे तो. सगळे म्हणतात."

"बरं." उबाल्दोनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला बरं नाहीये का? सकाळपासून एकदाही खोकली नाहीस. हल्ली दर पाच मिनिटांनी खोकतेस."

त्याला सगळं माहीत होतं तर. निदान संशय होता. नोएमीच्या अंगावर आतून कुणीतरी गरम पाणी ओतल्यासारखं झालं. आणि ती त्याला नको ते बोलून गेली.

"तुला शब्द सुचत नाहीत म्हणून तू कोडी सोडवत बसतोस. माझ्यावर लक्ष ठेवायचे पैसे कुणी देत नाही तुला."

 हेडफोन चढवून उबाल्दोनं आपला अर्धा तास पुरा केला, नेहमीसारखा, जरा जास्तच नीट. मग माईक बंद केला, कोट उचलला आणि म्हणाला, "मी बाहेर सिगारेट ओढतो. तुला गरज नाहीच म्हणा माझी."

दार हळूच लागलं. नोएमी काचेच्या खोलीत एकटी राहिली. तिच्या माईकचं लाल कडं पेटलं.

५

प्रोफेसर बेल्त्रामे एक नवा आवाज ऐकवत होते. सभागृहात ठोके पडत होते, जड, थकलेले, प्रत्येक ठोक्याच्या शेपटाला फुंकर. नोएमी बोलत होती. मग त्यांनी मुद्रण थांबवलं, चष्मा काढला आणि पुसायला रुमाल शोधू लागले. रुमाल सापडेना. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं.

त्या शांततेत श्वास आत घेतल्याचा आवाज आला. या वेळी लांब. मोठं काही बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.

"पुढचा रुग्ण," आवाज म्हणाला. अगदी प्रोफेसरांच्या थाटात, पण इंग्रजीत. "पुरुष, साठीच्या पुढचा, राहणार एस्टोनिया. चौथी रांग, कडेची खुर्ची. हृदय थकून पसरलेलं. विराम मोकळे नाहीत. रुग्णाला हे कळवावं."

नोएमीचं तोंड उघडलेलं होतं. 'पुढचा रुग्ण' एवढं ती बोलूनही चुकली होती. व्यासपीठावर प्रोफेसर अजून खिसे चाचपत होते.

ती चौथ्या रांगेकडे पाहायला धजली नाही. तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच आलं. आयोजक देलफिना, तिचा तो रुंद हसरा चेहरा, आणि त्याच्यावरचं हसू मावळत जाताना. मग फोन. 'ऐकलंस का, कारारानं भर परिषदेत एका डॉक्टरलाच तू मरणार म्हणून सांगितलं. बिचारी, डोकं गेलं.' पुढल्या वर्षी न वाजणारा फोन.

"रुग्णाला हे कळवावं," आवाज पुन्हा म्हणाला. घाई न करता.

माईकच्या बुडाशी एक कळ असते, खोकला आला तर दाबायची. दाबून धरली तोवर बाहेर काही जात नाही. नोएमीनं ती दाबली आणि दाबून धरली. तिच्या माईकचं लाल कडं विझलं.

उबाल्दोच्या माईकचं पेटलं.

खुर्ची रिकामी होती. टेबलापासून जराशी मागे सरकलेली, तो गेला तेव्हा होती तशीच. समोर अर्धवट सोडवलेलं कोडं, पेन्सिल. आणि माईकभोवती लाल कडं. पेटलेलं, स्थिर. तिच्या उजव्या कानात आता काहीही ऐकू येत नव्हतं. काचेच्या खोलीत इतकी शांतता होती की तिला स्वतःच्या घशातली हालचाल कळत होती. एखादं वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते कडं पेटून राहिलं. मग एक छोटं वाक्य आणखी. मग विझलं.

खाली सभागृहात परदेशी पाहुणे हेडफोन ठोकून पाहत होते, एकमेकांना हातानं 'ऐकू येत नाही' असं सांगत होते. चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून डॉक्टर लेपिक तेवढे मागे वळले होते. त्यांनी हेडफोन ठोकला नाही. ते काचेकडे पाहत होते. नोएमीकडे नाही, तिच्या डावीकडे, शेजारच्या जागेकडे. मग एखाद्यानं रस्ता सांगितल्यावर मान झुकवावी तशी त्यांनी मान झुकवली आणि पुन्हा पुढे पाहू लागले.

प्रोफेसरांना रुमाल सापडला. नोएमीनं कळ सोडली आणि म्हणाली, "क्षमस्व, तांत्रिक अडचण."

६

सत्र संपलं, कॉफी सुरू झाली, आणि थोड्या वेळानं देलफिना आली. हसरी होती, पण दात आवळून.

"काय झालं? इंग्रजीवाले सगळे तक्रार करतायत. 'पुढचा रुग्ण' एवढं ऐकू आलं आणि मग आवाजच नाही."

"लाईन गेली होती," नोएमी म्हणाली.

"लोरिस!" देलफिनानं हाक मारली. "तुझी लाईन गेली होती म्हणे."

लोरिस आला, तारांची गुंडाळी तशीच हातात. "नाही गेली. मी आवाजाच्या काट्यावर बघत होतो. दुसऱ्या माईकवरून कुणीतरी बोलत होतं, काटा हलत होता. पण आवाज का गेला नाही, ते मला कळेना."

"दुसऱ्या माईकवरून? उबाल्दो तर बाहेर माझ्यासमोर सिगारेट ओढत होता!"

"काटा हलत होता," लोरिस पुन्हा म्हणाला, आणि त्यानं नोएमीकडे पाहिलं. "बाई, तुम्ही होतात ना आत?"

तिला फक्त एवढं म्हणायचं होतं: लोरिस बरोबर सांगतोय, मी कडं पेटलेलं पाहिलं. चार शब्द. इंग्रजीतही नाही, आपल्याच भाषेत.

"मी काही पाहिलं नाही," नोएमी म्हणाली. "सकाळीच मी याला सांगितलं होतं लाईनचं. हेडफोनही बदलायला लावला."

देलफिनानं लोरिसला तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्या डॉक्टरांसमोर, खडसावलं. पुढच्या परिषदेला दुसरा माणूस बघते, म्हणाली. लोरिसनं खाली मान घालून तार गुंडाळायला सुरुवात केली. ती आधीच गुंडाळलेली होती. त्यानं सोडली आणि परत गुंडाळली. नोएमी शेजारी उभी राहून ते बघत होती आणि तिच्या पायात बूट नाहीत हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

तेवढ्यात तळ्याच्या बाजूचं दार उघडून एक वेटर आत धावला. काय ओरडला ते कुणाला नीट कळलं नाही, पण हातातला ट्रे त्यानं जमिनीवरच ठेवला होता. मग सगळे धावले. एवढे सगळे हृदयरोगतज्ज्ञ, कप हातात घेऊन, धुक्यात.

डॉक्टर लेपिक बोटींच्या धक्क्याच्या टोकाला बाकावर बसले होते. मांडीवर हात, बिल्ला नीट काढून खिशात ठेवलेला. बसलेल्या माणसासारखेच दिसत होते, म्हणून तिथून जाणाऱ्या दोघातिघांनी त्यांना नमस्कारही केला होता म्हणे. त्यांना लाकडी फळ्यांवर निजवलं, आळीपाळीनं छाती दाबली, उपकरण आणलं. प्रोफेसर बेल्त्रामे गुडघे टेकून वाकले आणि त्यांनी छातीला थेट कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

मग उठताना त्यांना दोघांना हात द्यावा लागला. ते काही बोलले नाहीत. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

७

दुसऱ्या दिवसाची सत्रं रद्द झाली. सकाळी नोएमी उबाल्दोच्या गाडीची वाट पाहत हॉटेलच्या पायरीवर उभी होती. रात्रभर तिनं एकच हिशोब घातला होता. चार पावलं खाली उतरून त्या माणसाच्या खांद्याला हात लावून सांगता आलं असतं, डॉक्टर, आत्ता कृपा करून इथेच बसा, तुमच्या आसपास देशातले सगळे हृदयाचे डॉक्टर बसलेत. लोक हसले असते. तो जगला असता. की नसता? हे 'की नसता' तिला मोठ्या आधाराचं वाटत होतं, आणि आधाराचं वाटतं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"तुम्हांलाच शोधत होते," मागून आवाज आला.

हेल्वे लेपिक. डोळे कोरडे, चेहरा धुतल्यासारखा. हातावर अजून तो ओव्हरकोट.  नोएमीला वाटलं, आता ही विचारणार, आणि मी सांगून टाकणार. बरं होईल.

"आभार मानायचे होते," हेल्वे म्हणाली.

"माझे?"

"ते कॉफीच्या वेळी माझ्याकडे आले होते, धक्क्यावर जायच्या आधी. म्हणाले, त्या बाईनं मला सांगितलं. किती सौम्यपणे सांगितलं, म्हणाले, आमच्यातल्या एकालाही असं सांगता येत नाही रुग्णाला." तिनं कोट दुसऱ्या हातावर घेतला. "मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा चाललीय. त्यांना माहीत होतं, आपलं हृदय कसं झालंय ते. मला कळू दिलं नव्हतं. तुम्हांला कसं कळलं ते मी विचारणार नाही. ते घाबरले नव्हते, एवढंच सांगायला मी आलेय. तुमच्यामुळे."

'मी नाही,' असं म्हणायला नोएमीनं तोंड उघडलं. हेल्वेनं तिचा हात दोन्ही हातांत धरला होता. ते हात बर्फासारखे थंड होते.

"मला जमेल तसं सांगितलं," नोएमी म्हणाली.

हे शब्द कोणी कानात सांगितले नव्हते. हे तिचे स्वतःचे होते.

"आणखी एक," हेल्वे म्हणाली. "शेवटी तुम्ही एक वाक्य माझ्यासाठी सांगितलंत म्हणे. तूच नंतर त्या बाईंना विचार, असं मला म्हणून हसले आणि गेले. काय होतं ते?"

 रस्त्यावर गाडी नव्हती, तळ्यावर बोट नव्हती. हेल्वे तिच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

श्वास आत घेतल्याचा आवाज आला. हेडफोन नव्हता, माईक नव्हता, उघड्या सकाळी, उजव्या कानाशी. आणि मग वाक्य. नोएमीला त्यातलं अक्षर कळलं नाही. इटालियन नाही, इंग्रजी नाही. लांबलेले स्वर, मऊ व्यंजनं, शेवटाला प्रश्नासारखं वर गेलेलं काहीतरी.

काल आपण कळ दाबली, तिच्या मनात आलं. आज तरी दाबू नये.

तिनं ते वाक्य जसंच्या तसं उच्चारलं. हेल काढून, स्वर लांबवून, जसं आलं तसं. तिचा कान तयार होता, तिला ते चांगलं जमलं.

हेल्वेचे हात सुटले.

ती एक पायरी मागे सरली. आधी नोएमीला वाटलं, ही रडणार. मग वाटलं, ही आपल्याला मारणार. पण तो चेहरा रागाचा नव्हता. मानेवरून वर लाली चढत होती, डोळे इकडे तिकडे पळत होते, दारात आतलं कुणी उभं आहे का ते बघत होते. नोएमीला तो चेहरा ओळखीचा वाटला. कालपासून आरशात ती तोच बघत होती.

"त्यांना..." हेल्वे म्हणाली. "त्यांना हेही सांगितलंत?"

"बाई, मला त्याचा अर्थ माहीत नाही. खरंच सांगते, मला तुमची भाषा येत नाही."

हेल्वेनं ते ऐकलंच नाही, किंवा ऐकलं आणि धरलं नाही. ती ओव्हरकोट छातीशी आवळून उभी राहिली. मग खाली बघून, अगदी हळू म्हणाली, "कुणाला सांगू नका. माझ्या मुलींना तर नकोच. हात जोडते."

"नाही सांगणार," नोएमी म्हणाली.

दुसरं काय म्हणता आलं असतं? हेल्वेनं मान हलवली आणि भिंतीच्या कडेकडेनं आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

उबाल्दोची गाडी आली. नोएमी बसली, पट्टा लावला. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "ती डॉक्टरची बायको ना? काय म्हणत होती?"

"आभार मानायला आली होती."

"कशाबद्दल?"

ती उत्तर शोधत होती. उबाल्दो वाट बघत होता. गाडीत क्षणभर काहीच आवाज नव्हता, आणि त्या काहीच नसण्यात, तिच्या उजव्या कानाशी, कुणीतरी हलकेच श्वास आत घेतला.

"मासा," नोएमी म्हणाली. "कालचा मासा, तू खाल्लास की नाही? लोणी फार होतं, नाही? आणि पोलेंता कच्चा. माझी आई घालायची त्याच्या निम्मं मीठ नव्हतं..."

उबाल्दोनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ती बोलत राहिली. लोण्याबद्दल, रस्त्याबद्दल, पुढच्या ट्रकच्या रंगाबद्दल, दिसेल त्या पाटीबद्दल, एका वाक्याच्या टोकाला दुसरं जोडून, मध्ये बोटभरही जागा न ठेवता, बेर्गामो येईपर्यंत आणि आल्यावरही.